शब्दशः घेतलेले रूपक : रेणूंच्या गणिताची गोष्ट

मराठी माध्यमाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा उघडला, तर साहित्याच्या शिक्षकाला आपण चुकून आपल्याच वर्गात शिरलो की काय, असा भास व्हावा. तेथे ‘प्रतिलेखन’ आहे, ‘भाषांतरण’ आहे, त्रिकुटे आहेत, संकेत आहे आणि तो उलगडणेही आहे. इतर भाषांतही हाच प्रकार. पेशीतली यंत्रणा जनुके ‘वाचते’, संशोधक जनुकांचे ‘संपादन’ करतात, आणि नक्कल उतरवताना झालेल्या चुकीला मुद्रणदोषाची उपमा देण्याचा मोह भल्याभल्या वैज्ञानिकांनाही आवरत नाही. जीवशास्त्राने विसाव्या शतकात वाङ्मयाच्या घरातून बरीच भांडी उसनी नेली. ती परत कधी आलीच नाहीत; आता तर ती मूळची कुणाची होती, हेही विसरले गेले आहे.

या उसनवारीबद्दल तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. रूपक हे रूपक म्हणूनच घ्यावे, शब्दशः घेऊ नये, हे आपण वर्गात अगदी आरंभीच शिकवतो. मुखचंद्र म्हटले म्हणून कुणी चेहऱ्यावर विवरे शोधायला जात नाही. परंतु १९९४ साली एका गणितज्ञाने जीवशास्त्राचे हे रूपक चक्क शब्दशः घेतले. डीएनए हा जर मजकूर असेल, आणि पेशीतली विकरे जर तो वाचत आणि लिहीत असतील, तर त्याच विकरांकडून आपल्याला हवे ते गणित का सोडवून घेऊ नये, असा त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नातून एक विद्याशाखा जन्माला आली. तिने मोठी स्वप्ने पाहिली, त्यांतले सर्वांत मोठे स्वप्न दहा वर्षांच्या आत मावळले, आणि जे उरले ते वैद्यकाच्या दाराशी येऊन उभे राहिले. ही वाटचाल साहित्याच्या अभ्यासकांनी जवळून पाहावी अशी आहे, असे आम्हाला वाटते.

१

कोणतेही रूपक एका दिवसात घडत नाही. या रूपकाचे एक मूळ डब्लिनमध्ये सापडते. पुंजभौतिकीचे एक जनक एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ साली तेथील ट्रिनिटी कॉलेजात ‘जीवन म्हणजे काय?’ या विषयावर व्याख्याने दिली, आणि ती पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या वेळी डीएनएची रचना ठाऊक नव्हती. जनुके प्रथिनांची असावीत, असाच अनेकांचा समज होता. तरीही गुणसूत्रांत साऱ्या देहाची घडण एखाद्या सांकेतिक लिपीप्रमाणे नोंदलेली असली पाहिजे, अशी कल्पना श्रोडिंगर यांनी मांडली. ती वाचून भारावलेल्या तरुणांत जेम्स वॉटसन होते आणि फ्रान्सिस क्रिकही होते. या दोघांनी १९५३ साली डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली तेव्हा लिपीची कल्पना एकाएकी मूर्त झाली. ए, टी, सी आणि जी ही चार अक्षरे. एसमोर टी आणि सीसमोर जी, एवढाच नियम. एक धागा दिला की समोरचा धागा कसा असणार, हे ठरलेलेच.

पुढचे दशक उकलीचे होते. भौतिकीतून आलेले जॉर्ज गॅमॉव्ह यांनी १९५४ साली हा प्रश्न एखाद्या गुप्तलिपीच्या कोड्यासारखा मांडला : चार अक्षरांतून वीस अमिनो आम्लांचे शब्द कसे होतात? उत्तर मात्र कोडी सोडवणाऱ्यांच्या कागदावर सापडले नाही, ते प्रयोगशाळेत सापडले. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी १९६१ साली यू हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा असलेला आरएनए पेशीतल्या यंत्रणेला ‘वाचायला’ दिला, आणि यंत्रणेने एकाच अमिनो आम्लाची माळ गुंफून दाखवली. या उकलीत हरगोविंद खुराना यांचा वाटा मोठा आहे. मुलतानजवळच्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या या रसायनज्ञाने ठरावीक क्रमाचे आरएनए हेतुपूर्वक तयार करून त्रिकुटांचे अर्थ निश्चित केले. १९६८ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. पुढे १९७०च्या दशकात त्यांनी संपूर्ण जनुक रसायनांतून घडवून दाखवले. आमच्या गोष्टीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. तोवर माणूस जीवनाची लिपी केवळ वाचत होता. खुराना यांच्यासारख्यांमुळे तो तिच्यात लिहू लागला. लिहिता आल्याखेरीज पुढचे काहीच घडले नसते.

या रूपकावर आक्षेप घेतले गेले नाहीत, असेही नाही. विज्ञानेतिहासकार लिली के यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या ‘जीवनग्रंथा’च्या भाषेची कसून झडती घेतली. संकेत, माहिती, संदेश ही परिभाषा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संदेशविद्येतून आणि संगणकविद्येतून जीवशास्त्रात आली, आणि तिने वैज्ञानिकांना जेवढे दाखवले तेवढेच त्यांच्या नजरेआडही केले, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. ज्याला लेखक नाही अशा मजकुराला मजकूर म्हणावे काय, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मात्र ज्या माणसाकडे आम्ही आता वळणार आहोत, त्याने हा वाद घातला नाही. त्याने परीक्षानळी हातात घेतली.

२

लेनर्ड एडलमन हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ. रिव्हेस्ट आणि शमीर यांच्यासमवेत १९७७ साली त्यांनी शोधलेली आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत पुढे संगणकीय व्यवहारांचा कणा झाली. त्यासाठी २००२ सालचे ट्युरिंग पारितोषिक तिघांना मिळाले. शब्दांच्या इतिहासातही एडलमन यांचे स्थान आहे. त्यांचा विद्यार्थी फ्रेड कोहेन याने १९८३ साली स्वतःच्या नकला करत पसरणारी संगणक-आज्ञावली दाखवली, तेव्हा तिला ‘व्हायरस’ हे नाव एडलमन यांनी सुचवले. म्हणजे जीवशास्त्राकडून संगणकाकडे एक रूपक त्यांनी आधीच नेले होते. दहा वर्षांनी त्यांनी उलट दिशेने एक आणले.

ते जीवशास्त्राकडे वळले एड्समुळे. १९९०च्या दशकाच्या आरंभी, एचआयव्हीची लागण झालेल्यांच्या शरीरातली टी-पेशींची संख्या का घटते, याविषयी त्यांनी एक उपपत्ती मांडली होती. प्रतिकारशास्त्रज्ञांना ती पटवून द्यायची तर त्यांची भाषा आली पाहिजे, म्हणून हा गणितज्ञ प्रयोगशाळेत जाऊन उमेदवारी करू लागला. एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रेणवीय जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक वाचत असता ते डीएनए पॉलिमरेज या विकराच्या वर्णनापाशी थबकले. हे विकर डीएनएच्या एका धाग्यावरून सरकत जाते, एकेक अक्षर वाचते आणि त्याचे जोडीदार अक्षर नव्या धाग्यात लिहीत जाते. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालच्या निबंधात कल्पिलेले यंत्र याहून फारसे वेगळे नव्हते : एक लांबलचक फीत, तिच्यावर चिन्हे, आणि ती चिन्हे एकेक करून वाचणारे व बदलणारे एक टोक. जगातला प्रत्येक संगणक तत्त्वतः त्या साध्या यंत्रातच सामावतो. वाचण्याची आणि लिहिण्याची सोय असली, की गणनाला तेवढी पुरते. आणि ती सोय तर प्रत्येक पेशीत होती.

एडलमन यांनी निवडलेले कोडे प्रवाशाचे आहे. सात गावे आहेत, त्यांना जोडणारे काही एकेरी रस्ते आहेत. ठरलेल्या गावाहून निघून, प्रत्येक गावी एकदा आणि एकदाच जाऊन, ठरलेल्या गावी पोहोचता येते काय? गावे थोडी असतील तर हे पोरखेळाचे काम; पण गावे वाढू लागली की शक्य मार्गांची संख्या इतकी भरमसाट होते, की मोठे संगणकही हात टेकतात. एडलमन यांनी प्रत्येक गावाला वीस अक्षरी डीएनएचे नाव दिले. प्रत्येक रस्त्याला, तो जेथून निघतो त्या गावाच्या नावाचा उत्तरार्ध आणि जेथे पोहोचतो त्या गावाच्या नावाचा पूर्वार्ध जोडून, असेच एक नाव दिले. हे जोडनाव पाहून आपल्याला संधी आणि समास आठवल्यावाचून राहत नाहीत. मग गावांच्या नावांचे पूरक धागे आणि रस्त्यांचे धागे एकत्र मिसळले. पूरक धागा दोन रस्त्यांच्या टोकांना कुशीत घेतो, लायगेज हे विकर ती टोके सांधते, आणि चमचाभर पाण्याच्याही छोट्याशा अंशात अब्जावधी प्रवास एकदमच घडून येतात. त्यांत चुकीचे प्रवास असतात, अर्धवट असतात, एकाच गावात पुन्हा पुन्हा जाणारेही असतात. आणि बरोबर उत्तर जर असेलच, तर तेही त्याच गर्दीत कुठेतरी असते.

खरे काम यापुढे होते, आणि ते निवडण्याचे होते. योग्य गावी सुरू होऊन योग्य गावी संपणारेच धागे वाढवायचे. त्यांतून नेमके १४० अक्षरांचे, म्हणजे सात गावांचे, वेगळे काढायचे. मग एकेका गावाचे नाव गळासारखे टाकून, ते नाव ज्यात आहे तेवढेच धागे ठेवायचे. हे सगळे सोपस्कार उरकल्यावर परीक्षानळीत काही शिल्लक राहिले, तर उत्तर होय; नाही तर नाही. धागे जुळायला फार वेळ लागला नाही, पण ही चाळणी पुरी व्हायला प्रयोगशाळेत सात दिवस गेले. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या शाळकरी मुलाला तेच उत्तर काही मिनिटांत सापडले असते. तरीही नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा निबंध आला तेव्हा संगणकशास्त्रात खळबळ उडाली, आणि ती रास्तच होती. गणन हे सिलिकॉनचे, विजेचे किंवा माणसाच्या मेंदूचेच काम नव्हे, ते रेणूही करू शकतात, हे प्रथमच कुणी प्रत्यक्ष करून दाखवले होते.

३

उत्साहाच्या भरात हिशेब मांडले गेले. एका ज्यूल ऊर्जेत रेणूंकडून दोनावर एकोणीस शून्ये इतक्या क्रिया करून घेता येतील, असा एडलमन यांचा अंदाज होता. त्या काळचे महासंगणक तेवढ्याच ऊर्जेत एकावर नऊ शून्ये इतक्या क्रिया करत. रिचर्ड लिप्टन यांनी १९९५ साली याच पद्धतीने तर्कशास्त्रातली आणखी बिकट कोडी कशी सोडवता येतील, हे दाखवले. सिलिकॉनचे युग सरले, अशी भाकितेही होऊ लागली.

या फुग्याला टाचणी लावली ती संगणकशास्त्रातल्याच एका ज्येष्ठाने. युरिस हार्टमनिस यांनी १९९५ साली साधा प्रश्न विचारला : या गणिताचे वजन किती? एडलमन यांच्या पद्धतीत प्रत्येक शक्य मार्गासाठी निदान एक तरी धागा लागतो. सात गावांना ते परवडते. गावे दोनशे केली, तर लागणाऱ्या डीएनएचे वजन पृथ्वीच्या वजनाहून अधिक भरेल, असे त्यांनी दाखवून दिले. अशक्यतेची धोंड वेळेवरून उचलून वस्तुमानावर ठेवली गेली होती, इतकेच. एडलमन यांच्या गटाने २००२ साली वीस चलांचे एक कोडे डीएनएकडून सोडवून घेतले. त्यात १०,४८,५७६ शक्यतांतून एकच उत्तर निवडायचे होते. यंत्राच्या साहाय्याविना सोडवायला ते माणसाला जडच गेले असते. परंतु त्याच निबंधात त्यांनी प्रांजळपणे मान्य केले, की तंत्रात काही मोठी क्रांती झाल्याखेरीज असले गणित विजेच्या संगणकाशी स्पर्धा करील, अशी आशा बाळगण्यास आधार नाही.

येथे आम्हाला क्षणभर थांबावेसे वाटते. विज्ञानाचे लोकप्रिय इतिहास विजयांचे लिहिले जातात. या विद्याशाखेच्या इतिहासात मात्र तिच्या संस्थापकानेच, आठ वर्षांत, आपल्या मूळ दाव्याची मर्यादा छापून सांगितली. आणि ती सांगितल्यामुळेच खरा प्रश्न पुढे आला : सिलिकॉनला हरवायचे नसेल, तर रेणूंनी गणित करायचे ते कशासाठी?

४

उत्तर, पाहू गेल्यास, प्रश्नातच दडलेले होते. विजेचा संगणक जेथे शिरू शकत नाही, तेथे रेणू शिरू शकतात. पेशीच्या आत वीज नाही, पडदा नाही, कळफलक नाही. तेथे संदेश आहेत ते रेणूंचेच. अशा जागी वेगाला महत्त्व नाही. तेथे आपल्याच भाषेत बोलणारा कुणी असावा लागतो.

हे वळण घेणाऱ्यांत इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले एहुद शपिरो अग्रभागी होते. तेही मूळचे संगणकशास्त्रज्ञ, तर्काधिष्ठित आज्ञावलींच्या भाषांवर काम केलेले. त्यांच्या गटाने २००१ साली ‘नेचर’मध्ये एक इवलेसे यंत्र जाहीर केले. त्याला दिलेला मजकूर डीएनएच्या धाग्यात ए आणि बी अशा दोनच चिन्हांनी लिहिलेला असे, आणि त्याला विचारता येणारे प्रश्न फार साधे असत. उदाहरणार्थ, या ओळीत बी हे चिन्ह सम वेळा आले आहे काय? फोक-१ नावाचे विकर हे या यंत्राचे हात. त्याची गंमत अशी, की ते ओळखते एका जागी आणि कापते काही अक्षरे पुढे. प्रत्येक काप म्हणजे एका चिन्हाचे वाचन, आणि कापून उघडे पडलेले टोक म्हणजे यंत्राची पुढची स्थिती. वाचलेला मजकूर वाचता वाचता नष्ट होत जातो. अशी एकावर बारा शून्ये इतकी यंत्रे १२० मायक्रोलिटर द्रावात, कुणी हात न लावता, आपापले काम करत होती. एका पावलाची अचूकता ९९.८ टक्क्यांहून अधिक होती. एडलमन यांच्या प्रयोगात चाळणी माणसाने लावली होती. येथे माणूस बाजूला झाला.

याच गटाने २००४ साली पुढचे पाऊल टाकले, आणि ‘पेशीतला वैद्य’ ही कल्पना जगापुढे आली. यंत्राला आता चिन्हे मोजायची नव्हती, लक्षणे पडताळायची होती. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात काही जनुकांचे संदेश नेहमीपेक्षा मंदावतात, काहींचे वाढतात. यंत्राच्या धाग्यात हीच जर-तरची साखळी लिहिली होती : जर हे दोन मंदावले असतील, आणि जर ते दोन वाढले असतील, तर औषध सोड. औषधही डीएनएचाच एक छोटा धागा होता, विशिष्ट जनुकाचा संदेश अडवून धरणारा. आणखी एक बारकावा आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. द्रावात दोन प्रकारची यंत्रे सोडली होती. निदान होकारार्थी आले तर पहिली औषध सोडत, नकारार्थी आले तर दुसरी त्या औषधाचा उतारा सोडत. रेणूंच्या जगात पुरावा कधीच स्वच्छ नसतो. म्हणून निकाल एका होय-नाहीवर न सोडता, हजारो होय आणि हजारो नाही यांच्या तोलावर सोडला होता.

हे सारे परीक्षानळीत घडले, सजीव पेशीत नव्हे, हे त्या संशोधकांनी लपवले नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र तो वैद्य केव्हाच रक्तातून फिरू लागला होता.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले मिलान स्टोयानोविच आणि न्यू मेक्सिको विद्यापीठातले डार्को स्टेफानोविच यांनी २००३ साली रेणूंना फुल्ली-गोळा खेळायला शिकवले. नऊ वाट्या, तीन ओळींत तीन. माणसाने आपली खेळी एका धाग्याच्या रूपाने द्रावात टाकायची, आणि यंत्राची खेळी असेल ती वाटी चमकू लागायची. मधली वाटी पहिल्यांदा यंत्राचीच, आणि यंत्र कधीही हरत नसे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव ठेवले होते, माया. मराठी कानाला या नावात जे ऐकू येते, ते आम्ही येथे वाढवून सांगत नाही. स्टोयानोविच यांचाही हेतू खेळापुरता नव्हता; समोरच्याची चाल पाहून आपली चाल ठरवणारा रेणू हवा होता, आणि रोग हा त्या पटावरचा प्रतिस्पर्धी होता.

५

सजीव पेशीत तर्क चालवण्याचा एक गाजलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. यापूर्वी शपिरो यांच्या गटात असलेले याकोव बेनेन्सन आणि एमआयटीतले रॉन वाइस यांच्या गटांनी एक जनुकीय मंडल बांधले. पेशीत शिरल्यावर ते तेथल्या ठरावीक सूक्ष्म-आरएनएंची पातळी तपासे. काही भरपूर हवेत, काही जवळपास नसावेत. सर्व अटी जुळल्या तरच ते पेशीला मरणाचा आदेश देणारे प्रथिन तयार करे. एक अट जरी चुकली तरी पेशी वाचे. ज्या पेशी ओळखायच्या होत्या, त्यांचे नाव हेला.

या नावापाशी साहित्याच्या अभ्यासकाने घाईने पुढे जाऊ नये. हेला हे हेन्रिएटा लॅक्स या नावाचे संक्षिप्त रूप आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावलेली ही ३१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या अर्बुदाच्या पेशी तिला न सांगता, तिची संमती न घेता काढल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत मेल्या नाहीत, वाढतच राहिल्या, आणि जगभरच्या संशोधनाचा पाया झाल्या. पुढे बराच काळ तिचे नावही चुकीचे छापले जाई, आणि तिच्या कुटुंबाला या पेशींची वार्ता लागायला वीसएक वर्षे जावी लागली. २०११ सालचे मंडल परीक्षेत उतरले. त्याने हेला पेशी ओळखल्या आणि मारल्या, इतर पेशींना बव्हंशी सोडून दिले. आता त्याने जे ‘वाचले’ त्याकडे पाहा. सूक्ष्म-आरएनएंची एक यादी त्याने वाचली, आणि ती अचूक वाचली. त्या यादीत हेन्रिएटा लॅक्स नव्हती. तिच्या वेदनेचा, तिला न विचारल्याचा कोणताही अंश त्या वाचनात येऊ शकत नव्हता.

हा त्या संशोधकांवरचा आरोप नव्हे. त्यांनी जे यंत्र बांधले, ते उद्या कुणा रुग्णाचा जीव वाचवू शकेल अशा मार्गावरचे आहे. मुद्दा वाचनाच्या स्वरूपाचा आहे. वैद्याने रुग्णाला ‘कुठे दुखते?’ असे विचारणे आणि रेणूने पेशीतली पातळी मोजणे, या दोहोंना आपण निदान म्हणतो. पहिल्यात एक कथन आहे, आणि ते ऐकणारा कुणी आहे. दुसऱ्यात कथन नाही, केवळ अटी आहेत. त्या अटी कुणीतरी आधी लिहिलेल्या असतात. कोणते जनुक लक्षण मानायचे, किती पातळीला ‘अधिक’ म्हणायचे, हे माणसाने ठरवलेले असते. लेखकाचा मृत्यू आपण आपल्या क्षेत्रात पुष्कळ चर्चिला. येथे लेखक जिवंत आहे, पण मजकूर एकदा शरीरात सोडल्यावर त्याला दुरुस्ती करता येत नाही. आणि ९९.८ टक्के अचूकताही पाहता पाहता ओसरते : अशी शंभर पावले बिनचूक पडण्याची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास उरते. साहित्यात चुकलेल्या वाचनातूनही काही वेळा नवा अर्थ हाती लागतो. येथे चुकलेल्या वाचनाने निरोगी पेशी मरते.

६

गोष्ट येथे संपत नाही. नेड सीमन या स्फटिकशास्त्रज्ञाला १९८० साली, विद्यापीठाच्या आवारातल्या मद्यालयात बसला असता, एशरच्या एका काष्ठचित्रातले दाही दिशांना रांगेने पोहणारे मासे आठवले, आणि डीएनए हा केवळ मजकूर नसून बांधकामाचे साहित्यही होऊ शकेल, असे त्याच्या मनात आले. त्या चित्रातून निघालेल्या विद्येत पॉल रोथमंड यांनी २००६ साली डीएनएच्या लांब धाग्याला घड्या घालून हसरे चेहरे घडवले. गणन आणि बांधकाम या दोन धारा एकत्र आल्या तेव्हा हाती आले ते औषधाचे डबे. शॉन डग्लस, इडो बाशेलेट आणि जॉर्ज चर्च यांनी २०१२ साली डीएनएच्या घड्यांचे एक षट्कोनी पिंप दाखवले, लांबी अवघी ४५ नॅनोमीटर. त्याला दोन कुलपे. दोन्हींच्या किल्ल्या समोरच्या पेशीच्या अंगावर सापडल्या तरच पिंप उघडते आणि आतला माल त्या पेशीला मिळतो. तर्कशास्त्रातले ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय येथे दोन कुलपांचे झाले आहे. बीजिंग आणि ॲरिझोना येथल्या संशोधकांनी २०१८ साली डीएनएच्या गुंडाळीत रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन भरून ते उंदरांच्या शरीरात सोडले. गुंडाळी अर्बुदाच्या रक्तवाहिन्यांपाशी उघडली, तेथले रक्त गोठले आणि अर्बुदाची रसद तुटली. या यंत्राचा तर्क एका अटीचाच. पण तो सजीव शरीरात चालला.

शरीराबाहेरचा उपयोग तर अधिक जवळचा वाटतो. जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली पेशीतली वाचनयंत्रणा वाळवून कागदाच्या तुकड्यावर बसवली. ठरावीक अनुक्रमाचा आरएनए आढळला की तिची घडी उलगडते आणि कागदाचा पिवळा रंग जांभळा होतो. झिकाची साथ आली तेव्हा, २०१६ साली, या कागदावर झिकाचा विषाणू ओळखून दाखवला गेला. जेथे शीतकपाट नाही आणि वीज बेभरवशाची आहे, अशा आरोग्यकेंद्रात हा कागद काय करू शकेल, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला द्यावी लागू नये.

तथापि शरीरात फिरून निदान करणारा आणि औषध देणारा रेणूंचा वैद्य अजून रुग्णालयाच्या नित्याच्या वापरात आलेला नाही. रक्तातली विकरे परका डीएनए तोडून टाकतात, प्रतिकारसंस्था त्याला शत्रू समजते, आणि हव्या त्या पेशीत त्याला पोहोचवणे हे त्याला शिकवण्याहून कठीण ठरले आहे. एडलमन ज्या प्रतिकारसंस्थेचे कोडे सोडवण्यासाठी जीवशास्त्र शिकायला गेले, तीच आज त्यांच्या शोधाच्या वाटेत उभी आहे.

७

तेव्हा शब्दशः घेतलेल्या त्या रूपकाचे काय झाले? जेथे त्याने बढाई मारली, तेथे ते हरले. पृथ्वीएवढा डीएनए कुणाजवळ नव्हता. जेथे त्याने आपली पायरी ओळखली, तेथे त्याला काम मिळाले. लिली के यांचा आक्षेप त्यामुळे खोटा पडत नाही. पेशीतला मजकूर हा आपल्या अर्थाने मजकूर नाही, आणि विकर आपल्या अर्थाने वाचक नाही. परंतु त्या तोकड्या, अर्थशून्य वाचनातूनही कुणाला गुण येऊ शकतो, हे मान्य करण्यात साहित्याच्या अभ्यासकाने कमीपणा मानू नये. आपले काम त्याच्या पलीकडे सुरू होते : अटी कुणी लिहिल्या, यादीतून कोण गळले, आणि ज्याच्या शरीरात हा मजकूर सोडायचा त्याला विचारले काय, हे पाहण्याचे.

मराठीत एक शब्द आहे, मात्रा. अक्षराच्या डोक्यावर देतो ती मात्रा, छंदात मोजतो ती मात्रा, आणि वैद्य उगाळून चाटवतो तीही मात्राच. अक्षर आणि औषध यांना आपल्या भाषेने कधीच एका शब्दात बसवले होते. २००४ साली त्या परीक्षानळीत सुटलेले औषध हा अवघ्या काही अक्षरांचा एक धागा होता. ती मात्रा लागू पडते की नाही, हे रेणूंची प्रयोगशाळा पाहीलच. ती कोणाला, किती आणि कोणाच्या संमतीने द्यायची, याचा हिशेब मात्र कोणत्याही धाग्यात लिहिलेला नाही. तो आपल्यालाच करावा लागेल.